नवा उद्योग उभारताना माणसाची निवड
(मार्गदर्शन मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. शाळामास्तराने इतिहास-भूगोलावर बोलावे, फार तर दहावी-बारावीनंतर काय करावे हे सांगावे; त्याने उद्योगधंद्यातील नेमणुकांवर बोलण्याचे कारण काय, असे आपण विचाराल. कारण साधे आहे. शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली सुट्टीत भेटायला येतात तेव्हा हल्ली दोन प्रकारची वाक्ये कानावर पडतात. एक जण म्हणतो, "सर, मी स्टार्टअप काढतोय, अब्बा पैसे द्यायला तयार आहेत." दुसरी म्हणते, "सर, एका स्टार्टअपमध्ये मला टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरची जागा मिळते आहे, घेऊ का?" आणि दोघांचेही पालक मागाहून मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, हे नेमके काय असते हो?"

पालकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिल्या घरात आखातात वीस-वीस वर्षे राबून जमवलेली पुंजी पणाला लागलेली असते. दुसऱ्या घरात मुलीच्या उमेदीची चार-पाच वर्षे पणाला लागलेली असतात. म्हणून नवा उद्योग उभारताना हा टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर कशासाठी नेमायचा, केव्हा नेमायचा, कसा पारखायचा आणि त्याच्याशी करार कोणता करायचा, या चार गोष्टी आज आपल्यापुढे मांडाव्यात असे मी ठरवले आहे. नेमणारा आणि नेमला जाणारा, दोघांच्याही उपयोगी पडेल अशा रीतीने त्या मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. स्टार्टअप म्हणजे नुसता नवा धंदा नव्हे. गावात कोणी किराणा दुकान काढले तर ते नवे असते, पण तांदूळ आणि साखर लोकांना लागते की नाही हा प्रश्न त्या दुकानदाराला पडत नाही. जी वस्तू किंवा सेवा आपण तयार करणार आहोत ती लोकांना हवी आहे की नाही, हेच अजून सिद्ध व्हायचे असते, अशा उद्योगाला स्टार्टअप म्हणतात. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू केली, तेव्हापासून हा शब्द आपल्या घराघरात पोचला. परंतु त्याच्या पोटातील ही अनिश्चितता मात्र सर्वांपर्यंत पोचली नाही.

आता दुसरा शब्द. 'प्रॉडक्ट मॅनेजर'चे शब्दशः भाषांतर उत्पादन व्यवस्थापक असे केले तर कारखान्यात यंत्रांवर देखरेख करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. घर बांधताना गवंडी भिंत रचतो, सुतार दारे-खिडक्या करतो, मालक पैसे देतो. पण या घरात माणसे किती राहणार, म्हाताऱ्या आईला जिना चढवतो का, पावसाळ्यात ओले कपडे कोठे वाळत घालणार, हे विचारून कोणत्या खोल्या आधी बांधायच्या आणि कोणत्या मुळीच बांधायच्या नाहीत हे ठरवणारा कोणीतरी लागतो. उद्योगातील हे काम म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. काय बांधायचे, कोणासाठी बांधायचे, कोणत्या क्रमाने बांधायचे आणि काय बांधायचे नाही, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे त्याने द्यायची असतात.

हे काम संगणकाच्या जन्माआधीचे आहे, हे ऐकून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण बनवणारी प्रसिद्ध कंपनी आहे. तेथे नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण 'कॅमे' या साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत होता. त्याच कंपनीचा 'आयव्हरी' हा साबण अधिक नावाजलेला होता, त्यामुळे 'कॅमे'कडे मनापासून लक्ष देणारे कोणी नव्हते. १३ मे १९३१ रोजी मॅकेलरॉयने वरिष्ठांना तीन पानांचे एक टिपण लिहिले. त्यातील म्हणणे असे की, प्रत्येक मालाची जबाबदारी एका माणसावर असावी. जेथे माल खपत नाही तेथे त्याने स्वतः जावे, दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना भेटावे, दुखणे शोधावे आणि त्यावर इलाज सुचवावा. पुढे हाच मॅकेलरॉय त्या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही झाला. प्रॉडक्ट मॅनेजरच्या आजच्या कामाचे मूळ पुष्कळ अभ्यासक या टिपणात पाहतात.

याच कंपनीत उमेदवारी केलेल्या स्कॉट कुक नावाच्या गृहस्थाने ही पद्धत संगणकाच्या जगात नेली. घरातील बिले भरण्याचा आणि हिशेब ठेवण्याचा आपल्या पत्नीला किती कंटाळा येतो हे त्याने पाहिले आणि त्यावर संगणकाची काही मदत होईल का, असा विचार केला. त्याला स्वतःला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील टॉम प्रूल्क्स हा विद्यार्थी त्याला मिळाला आणि दोघांनी १९८३ मध्ये इंट्युइट ही कंपनी काढली. त्यांच्या 'क्विकन' या पहिल्या मालाची परीक्षा त्यांनी कशी घेतली ते ऐका. संगणकाची विशेष सवय नसलेल्या गृहिणींना त्यांनी समोर बसवले, हातात घड्याळ घेतले आणि त्या कोठे अडतात हे पाहिले. पुढे कंपनीची माणसे दुकानात उभी राहत आणि माल विकत घेणाऱ्याला विचारत, "आम्ही तुमच्या घरी येऊन तुम्ही हा कसा वापरता ते पाहू का?" असे पाहता पाहता त्यांना कळले की घरगुती हिशेबासाठी बनवलेला हा प्रोग्रॅम पुष्कळ लहान दुकानदार धंद्याच्या हिशेबासाठी वापरीत आहेत, कारण जमा-नावे यांची शास्त्रीय पद्धत त्यांना येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यातूनच १९९२ मध्ये 'क्विकबुक्स' हा दुसरा माल निघाला.

मित्रांनो, या हकीगतीत दोन माणसे आहेत हे ध्यानात ठेवा. एकाला माणसांचे दुखणे कळत होते, दुसऱ्याला यंत्राची भाषा येत होती, आणि दोघांचे एकमेकांवाचून अडत होते. या दोघांमधील अंतर ज्याच्या एकट्याच्या डोक्यात कमी होते, त्याला टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी 'एक्सेल' निघाले, त्या वेळी जेब ब्लुमेंथल यांनी प्रोग्रॅम लिहिणारे आणि तो वापरणारे यांच्यामध्ये उभे राहून काय व्हावे ते लिहून काढण्याचे काम अंगावर घेतले. तेथे या पदाला 'प्रोग्रॅम मॅनेजर' असे नाव पडले. २००२ मध्ये गूगलने तर अशा कामासाठी नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना घेऊन शिकवून तयार करण्याची योजनाच सुरू केली. अमेरिकेत १९९६ मध्ये बिल ग्रॉस यांनी स्थापलेल्या आयडियालॅबसारख्या संस्था एकाच छपराखाली अनेक नवे उद्योग उभे करतात. अशा ठिकाणी कागदावरची कल्पना पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत नेणारा असा माणूस पगार देऊन नेमला जातो, आणि एक उद्योग चालू लागला की त्याला दुसऱ्यावर लावले जाते.

आता 'टेक्निकल' या विशेषणाने काय वाढते ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, आपल्या भागातील एक तरुण हापूस आंब्याच्या बागायतदारांसाठी मोबाइलवरचे ॲप काढू इच्छितो. त्याची कल्पना अशी की वाशीच्या बाजारातील रोजचा भाव बागायतदाराला मोबाइलवर दिसावा. साधा व्यवस्थापक म्हणेल, "छान, करू या." चांगला प्रॉडक्ट मॅनेजर चार बागांत जाऊन बसेल. तेथे कदाचित त्याला असे आढळेल की भाव फोनवर कळतोच आहे. खरी पंचाईत आहे ती कोणत्या दलालाकडे किती पेट्या गेल्या आणि कोणाची पट्टी अजून आली नाही, याचा मेळ बसत नाही ही. टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर त्याच्याही पुढचे एक पाऊल टाकील. बागेत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि गावात आल्यावर आपोआप पुढे गेली पाहिजे. बाप आणि मुलगा या दोघांनी वेगवेगळ्या फोनवर एकाच गाडीची नोंद केली तर पेट्या दुप्पट दिसू नयेत. ही गोष्ट दोन दिवसांत होईल, ती गोष्ट दोन महिने खाईल, हे त्याला कळते. आणि पहिल्या हंगामासाठी ॲपची गरजच नाही, एका सामायिक तक्त्यावर आणि व्हॉट्सॲपच्या निरोपांवर भागेल, असे सांगण्याची धमकही त्याच्यात असते. ज्याला यंत्र कळते त्यानेच "यंत्र अजून नको" असे म्हटले तर त्या सल्ल्याला वजन येते.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की असा माणूस पहिल्याच दिवशी नेमावा. माझे सांगणे नेमके याच्या उलट आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. उद्योग काढणारा हाच त्या उद्योगाचा पहिला प्रॉडक्ट मॅनेजर असला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन विचारण्याचे काम पगार देऊन टाळता येत नाही. ते काम हाताबाहेर वाढले म्हणजे मदतीला माणूस घेता येतो. पण जे आपण एकदाही केलेले नाही ते दुसऱ्याकडून बरोबर होते आहे की नाही, हे आपल्याला समजणार कसे?

आपल्या देशातले एक उदाहरण पाहा. २००५ च्या दिवाळीत बंगळूरमध्ये नोकरी करणाऱ्या फणिंद्र सामा या तरुणाला घरी जाण्यासाठी हैदराबादकडच्या बसचे तिकीट मिळाले नाही. कोणत्या बसमध्ये जागा शिल्लक आहे हे एका ठिकाणी कोणालाच माहीत नसते, हे त्याच्या लक्षात आले. त्याने आणि त्याच्या मित्रांनी २००६ मध्ये 'रेडबस' सुरू केली. हे सारे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. प्रोग्रॅम लिहायला ते पुस्तके वाचून शिकले. त्यांचा पहिला मनसुबा बसमालकांना संगणकाचा प्रोग्रॅम देण्याचा होता. बसमालकांनी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि "तुमची थोडी आसने आम्हाला विकायला द्या" एवढीच विनंती केली. आसने विकली गेली तसा विश्वास वाढला, आणि बसमालकांसाठी प्रोग्रॅम बनवण्याची वेळ मागाहून आली. २०१३ मध्ये इबिबो समूहाने ही कंपनी विकत घेतली. तो नकार त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला नसता, कोणा पगारी माणसाने अहवालात लिहून दिला असता, तर त्यांनी इतक्या लवकर वाट बदलली असती का, याचा आपण विचार करावा.

अमेरिकेतील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९९९ मध्ये निक स्विनमर्न याला इंटरनेटवरून बूट विकावेसे वाटले. लोक पायात न घालता बूट घेतील का, हीच शंका होती. त्याने गोदाम बांधले नाही. जवळच्या दुकानांत जाऊन बुटांची छायाचित्रे काढली आणि ती इंटरनेटवर लावली. मागणी आली की दुकानातून बूट विकत घेऊन गिऱ्हाइकाला पाठवायचा. यात पैसा सुटत नव्हता, पण शंकेचे उत्तर मिळाले. पुढे ही कंपनी झॅपोस या नावाने प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये ॲमेझॉनने ती घेतली. याच सुमारास वेबव्हॅन नावाची कंपनी घरपोच वाणसामान देऊ लागली. जून १९९९ मध्ये तिची सेवा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात तिने देशभर मोठमोठी यांत्रिक गोदामे बांधण्यासाठी सुमारे १०० कोटी डॉलरचा करार केला. एका शहराचे गणित जुळते की नाही हे कळायच्या आत अनेक शहरांचा पसारा मांडला. जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तिच्याकडे हुशार अभियंत्यांचा तुटवडा नव्हता. "अजून बांधू नका" या म्हणण्याला तेथे जागा नव्हती. पायाआधी कळस चढवायला निघाल्यावर दुसरे काय होणार?

मग असा माणूस नेमायचा केव्हा? माझ्या मते तीन खुणा दिसल्यावर. पहिली, थोडे का होईना, पण परके लोक, म्हणजे मामा-काका आणि वर्गमित्र सोडून इतर लोक, आपली वस्तू पुन्हा पुन्हा वापरीत आहेत. दुसरी, प्रोग्रॅम लिहिणारे चार-पाच जण झाले आहेत आणि आता काय करायचे हे विचारण्यासाठी त्यांना वाट पाहावी लागते. तिसरी, मालकाला गिऱ्हाइकांकडे जायला वेळच उरत नाही आणि त्याचे नुकसान त्याला दिसू लागले आहे. या खुणा नसताना केवळ ऐट म्हणून किंवा गुंतवणूकदारावर छाप पाडावी म्हणून नेमणूक केली, तर काय होते याचा हिशेब फळ्यावर मांडू. समजा, घरची पुंजी ३० लाख रुपये आहे आणि दरमहा खर्च ३ लाख आहे. म्हणजे उद्योग १० महिने तग धरील. दरमहा दीड लाखाचा एक माणूस नेमला की खर्च साडेचार लाखांवर जातो आणि पुंजी सात महिनेही पुरत नाही. त्या माणसाने तीन महिन्यांहून अधिक काळाची चूक वाचवली तरच तो परवडला. पालकहो, मुलगा पैसे मागायला येईल तेव्हा त्याला एवढे एकच गणित सोडवून दाखवायला सांगा.

आता पारख कशी करायची ते पाहू. पदव्या आणि मोठ्या कंपन्यांची नावे पाहून दिपून जाऊ नये. मोठ्या कंपनीत चित्रे काढणारा वेगळा, आकडे गोळा करणारा वेगळा, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकणारा वेगळा असतो. नव्या उद्योगात ही सारी कामे एकाच्याच अंगावर येतात. सकाळी प्रोग्रॅम तपासायचा आणि दुपारी रागावलेल्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा. म्हणून त्याला मी पुढील तीन कसोट्या लावायला सांगेन.

पहिली कसोटी अशी की त्याला विचारावे, "तुम्ही आजवर कोणती गोष्ट होऊ दिली नाहीत, आणि का?" काय काय केले हे प्रत्येक जण सांगतो. काय थांबवले, त्यासाठी कोणाची नाराजी पत्करली आणि पुढे ते बरोबर ठरले की चूक, हे ज्याला सांगता येते त्याने हे काम खरोखर केलेले असते. कारण या पदाची अडचणच अशी आहे की प्रोग्रॅम लिहिणारे याच्या हाताखाली नसतात. जबाबदारी असते, हुकूम चालत नाही. पटवून द्यावे लागते.

दुसरी कसोटी समजावून सांगण्याची. २०१६ पासून आपण यूपीआयने पैसे देतो. कधी कधी आपल्या खात्यातून पैसे जातात आणि दुकानदाराच्या खात्यात पोचत नाहीत. उमेदवाराला विचारावे, "हे पैसे वाटेत कोठे कोठे अडकू शकतात आणि त्या वेळी फोनवर काय लिहून यावे?" देणाऱ्याची बँक, मधली राष्ट्रीय व्यवस्था, घेणाऱ्याची बँक, या साखळीतील कोणत्या दुव्यावर उत्तर यायचे राहिले, हे त्याने ओळखले तर त्याला तंत्र येते. आणि काउंटरवर मागे रांग लागलेली असताना गोंधळलेल्या म्हाताऱ्या बाईला कळेल असे एक वाक्य त्याने सुचवले, तर त्याला माणूसही कळतो.

तिसरी कसोटी प्रत्यक्ष कामाची. त्याला एक-दोन आठवड्यांचे छोटे काम द्यावे. आंब्याच्याच उदाहरणात सांगायचे तर, "पाच बागायतदारांना भेटा आणि पहिल्या हंगामात आपण काय करावे व काय करू नये ते एका पानात लिहून आणा," एवढेच. भेटींच्या आधी आणि नंतर त्याचे मत बदलले का, हे पाहावे. पाच माणसांशी बोलूनही ज्याचे मत तसूभर हलत नाही, तो ऐकायला गेलाच नव्हता. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो: या कामाचे पैसे द्यावेत. परीक्षेच्या नावाखाली उमेदवारांकडून फुकट काम करून घेणे ही लबाडी आहे, आणि तिचा बोभाटा होतो.

चौथी गोष्ट कराराची. नव्या उद्योगाजवळ रोख पैसा थोडा असतो म्हणून पगाराबरोबर कंपनीचे भाग देण्याची रीत आहे. त्याला ईसॉप म्हणतात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे हे भाग देऊ केल्यापासून किमान १ वर्ष झाल्याखेरीज त्यावर हक्क बसत नाही, आणि सर्वसाधारण चाल चार वर्षांत थोडे थोडे करून पूर्ण हक्क देण्याची आहे. नोकरी घेणाऱ्याने समजून घ्यावे की असे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. कंपनी विकली गेली किंवा बाजारात उतरली तरच बहुधा त्यांचे पैसे होतात, आणि भाग प्रत्यक्ष घेताना करही लागू शकतो. म्हणून घरखर्च भागेल इतका पगार रोख ठरवून घ्यावा आणि भागांकडे नशिबाची गोष्ट म्हणून पाहावे. नेमणाऱ्यानेही किती भागांपैकी किती भाग देतो हे स्पष्ट लिहावे. "दहा हजार भाग देतो" या शब्दांना एकूण भाग किती हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही.

दुसरी कायद्याची बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण बाहेरच्या माणसाकडून ठोक पैसे देऊन काम करून घेतले, तर हक्क लेखी लिहून घ्यावा लागतो. आणि त्या लेखात मुदत घातली नाही तर तो ५ वर्षांचाच समजला जातो. ओळखीतला मुलगा, भाच्याचा मित्र, तोंडी ठरले आहे, असे म्हणून चालू नये. नातेसंबंध टिकावेत असे वाटत असेल तर कागद आधी करावा. उलट बाजूने, "नोकरी सोडल्यावर या धंद्यात कोठेही काम करणार नाही" असे कोणी लिहून मागितले तर घाबरून जाऊ नका. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ प्रमाणे धंदा-नोकरीवर बंदी घालणारे असे करार सामान्यतः रद्दबातल ठरतात. कंपनीची गुपिते सांभाळण्याचे बंधन मात्र पाळलेच पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. या कामाला अमुक एकच पदवी लागते असे नाही. पण तयारी आजपासून करता येते. एखादी संगणकभाषा नीट शिका. कामापुरती तरी स्वतः लिहिता आली पाहिजे. गणिताबरोबर भाषा कच्ची ठेवू नका, कारण या माणसाचे अर्धे काम स्पष्ट लिहिण्याचे आहे. निबंधात दहा वाक्ये खोडून पाच ठेवण्याची सवय ज्याला लागली, त्याला उद्या दहा मागण्यांतून पाच निवडता येतील. आणि माणसांना विचारायला लाजू नका. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके का परत येत नाहीत, एस. टी. स्टँडवर नव्या माणसाला फलाट का सापडत नाही, असल्या लहान प्रश्नांवर दहा जणांशी बोलून एक पान लिहा. तेच तुमचे पहिले प्रशस्तिपत्र होईल. मुलींना मी मुद्दाम सांगतो की हे काम तुम्हालाही तितकेच मोकळे आहे. घरातील अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखण्याची जी नजर तुमच्याजवळ असते, तिचे मोल या कामात फार मोठे आहे.

आणि पालकहो, मुलगी अशा जागेवर जात असेल तर तिला तीन प्रश्न विचारायला सांगा: कंपनीजवळ किती महिन्यांचा पैसा आहे? मालक स्वतः गिऱ्हाइकांना शेवटचे केव्हा भेटले? माझे "नको" ऐकले जाईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, जागा फसवी समजावी. आणि मुलगा स्वतः उद्योग काढायला निघाला असेल तर त्याचा उत्साह मोडू नका, पण पुंजी एकदम हातात देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च द्या आणि सांगा, "पन्नास परक्या माणसांना भेटून ये, त्यांनी काय म्हटले ते लिहून आण, मग पुढचे बोलू." त्या पन्नास माणसांत त्याला कोणी "नाही" म्हटले आणि तो ते ऐकून तसेच घरी सांगू शकला, तर समजा की तो शहाणा झाला. माणूस नेमण्याची वेळ आल्यावर तो योग्य माणूसच नेमील.

 ज्या मुला-मुलींना याविषयी अधिक बोलायचे असेल त्यांनी शाळा सुटल्यावर संकोच न करता मला भेटावे. येताना एक पान लिहून आणावे. कल्पनेचे नको, ज्यांना विचारले त्यांच्या उत्तरांचे.